कच्च्या वह्या रद्दीत जाण्याआधी

घटस्थापना जवळ आली की आपल्या परंड्यात घरं झाडायला निघतात. माळवदाखालच्या ट्रंका उघडतात, फडताळं रिकामी होतात, गोधड्या धुवायला जातात. त्या पसाऱ्यात वह्याही निघतात. कुणा गुरुजींच्या, कुणा तलाठ्याच्या, कुणा आत्याबाईंच्या. खाडाखोडीनं भरलेल्या, मधली पानं फाटलेल्या, समासात भलतंच काही लिहिलेल्या. कुणीतरी दोन पानं चाळतं, "कथा लिहायचे ते," म्हणतं, आणि वही रद्दीच्या ढिगावर पडते.

"छापलेलं पुस्तक आहे ना कपाटात, मग हे कच्चं कशाला ठेवायचं?" हा प्रश्न घरोघर विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. घर लहान आहे, पावसाळ्यात भिंती पाझरतात, वाळवी लागते. कागद किती सांभाळायचे?

तरीही या प्रश्नाला उत्तर आहे. ते आपण सगळ्यांनी मिळून द्यायला हवं, आणि याच वर्षी द्यायला हवं. गेलेली वही परत येत नाही.

गेल्या ऐंशी-नव्वद वर्षांत मराठी कथा-कादंबरीनं एक फार मोठी झेप घेतली. गोष्ट बाहेर उभं राहून सांगायची सोडून ती माणसाच्या डोक्यात शिरली आणि तिथून बोलू लागली. १९३९ साली विश्राम बेडेकरांची 'रणांगण' आली. १९४२ साली मर्ढेकरांची 'रात्रीचा दिवस' आली आणि संज्ञाप्रवाह, म्हणजे मनात विचार येतील तसे उमटवणारं लेखन, काय असतं हे मराठी वाचकाला पहिल्यांदा अंगावर घ्यावं लागलं. पाठोपाठ गाडगीळ, गोखले, भावे, माडगूळकर यांची नवकथा. १९६३ साली नेमाड्यांची 'कोसला'. जी. ए. कुलकर्णी, कमल देसाई, विलास सारंग, श्याम मनोहर. आपल्या शेजारच्या सोलापूरचे त्र्यं. वि. सरदेशमुख, ज्यांच्या 'डांगोरा एका नगरीचा'ला २००३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आणि आपल्या मराठवाड्याचे, परभणीचे बी. रघुनाथ.

ही सगळी मंडळी एकाच कोड्याशी झुंजत होती. माणसाचं मन चालतं कसं? ते घड्याळाप्रमाणे पुढं पुढं जातं, की एखाद्या वासानं, एखाद्या शब्दानं तीस वर्षं मागं उडी मारतं? मनात जे चाललंय ते सांगतो कोण? तो माणूस स्वतः, की त्याच्या खांद्यावरून वाकून बघणारा लेखक?

छापील पुस्तकात या कोड्याचं उत्तर मिळतं. ते कसं सापडलं, कितीदा चुकलं, कुठं अडलं, हे मात्र फक्त खर्ड्यात असतं.

उदाहरण बघा. फ्रान्झ काफ्कानं १९२२ साली 'द कॅसल' लिहायला घेतली ती 'मी' म्हणून. मी गावात आलो, मी असं केलं, अशी. काही प्रकरणं झाल्यावर त्याचा हात थांबला. मग त्यानं मागं जाऊन एकेक 'मी' खोडला आणि त्या जागी एक अक्षर बसवलं: के. आज जगभर लोक या कादंबरीतल्या 'के.'च्या परकेपणावर बोलतात. तो परकेपणा आला कुठून? त्या खोडलेल्या 'मी'मधून. माणूस स्वतःलाच दुरून बघू लागला, हे हस्तलिखितात डोळ्यांना दिसतं. काफ्का १९२४ साली वारला. त्यानं आपलं लेखन जाळून टाकायला सांगितलं होतं. माक्स ब्रोड या मित्रानं ते जाळलं नाही. 'द कॅसल'चे कागद आज ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहेत. एका मित्रानं ऐकलं नाही म्हणून हे वाचलं. मोठी संस्था पुढं कितीतरी वर्षांनी आली.

दुसरं उदाहरण मार्सेल प्रूस्तचं. चहात बुडवलेल्या एका छोट्या केकच्या चवीनं सगळं बालपण परत येतं, हा त्याच्या कादंबरीतला प्रसंग साहित्य शिकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतो. पहिला खंड १९१३ साली छापून आला. पण त्याआधीच्या खर्ड्यात केक नाहीच. तिथं भाजलेला पाव आहे. मग पावाच्या जागी कडक बिस्किट आलं, आणि पुष्कळ फिरून शेवटी केक आला. यातून आपल्याला काय कळतं? आठवण आपोआप उसळून येते, असं सांगणारं ते पान आपोआप आलेलं नव्हतं. लेखकानं ते पुन्हा पुन्हा करून पाहिलं होतं. आठवणीबद्दलचा त्याचा विचार त्या बदलांतून घडत गेला. व्हर्जिनिया वुल्फनं तर १९२८ साली स्वतःच लिहून ठेवलं की 'मिसेस डॅलोवे'च्या पहिल्या आराखड्यात सेप्टिमस हे पात्रच नव्हतं, आणि खुद्द मिसेस डॅलोवेच शेवटी मरायची होती. एका मनातलं मरण काढून दुसऱ्या मनात ठेवलं, आणि त्यातून अख्खी कादंबरी उभी राहिली.

हे सगळं पॅरिसच्या, लंडनच्या, ऑक्सफर्डच्या कपाटांत आहे, म्हणून तिथल्या पोरांना शिकता येतं. आपल्या पोरांनी कुठं बघायचं?

कुणी म्हणेल, परंड्यात कुठला काफ्का आणि कुठला प्रूस्त! असं म्हणू नका. आपल्याच तालुक्यातल्या एका निवृत्त गुरुजींची वही माझ्या पाहण्यात आली. दिवाळी अंकांत त्यांच्या चार-दोन कथा छापून आल्या होत्या. पुस्तक झालं नाही. वही दोनशे पानी, पुठ्ठा गेलेला, टाचण्या गंजलेल्या. एका कथेत एक शेतकरी कर्जासाठी बँकेच्या बाकड्यावर बसलेला आहे. निळ्या शाईत पहिलं वाक्य असं: 'रामभाऊंना वाटलं, की आता आपण इथून उठून निघून जावं.' मग लाल रिफिलनं 'रामभाऊंना वाटलं, की' यावर रेघ मारलेली. त्याखाली पेन्सिलनं, घाईघाईत: 'उठावं. निघून जावं. पण चपला कुठं काढल्या?'

तीन रंग, तीन वेळा, एकच वाक्य.

पहिल्यांदा गुरुजी रामभाऊंबद्दल सांगत होते. दुसऱ्यांदा त्यांनी स्वतःला बाजूला केलं. तिसऱ्यांदा रामभाऊ एकटेच उरले, आणि त्यांच्या मनात अपमानाबरोबर चपलांची काळजीही आली. मन असंच चालतं. मोठ्या दुःखाच्या ऐन मधोमध त्याला चपला आठवतात. गुरुजींनी हे कुठल्या समीक्षेच्या पुस्तकातून घेतलं नव्हतं. बाकड्यावर बसून, खोडून, परत लिहून त्यांना ते सापडलं. छापील अंकात फक्त तिसरं वाक्य आहे. ते वाचून कथा चांगली वाटते. पण लेखक म्हणून त्या माणसानं केवढी वाट चालली, हे वही नसती तर कुणालाही कळलं नसतं.

त्या वहीच्या मागच्या पानांवर हजेरी आहे, किराण्याची यादी आहे, एका मुलीच्या लग्नाच्या खर्चाचा हिशेब आहे. तेही फाडू नका. यादीतल्या भावावरून कथा कधीची ते कळतं. लग्नाच्या हिशेबावरून कळतं की बँकेच्या बाकड्यावरचा रामभाऊ लेखकाच्या मनात नेमका तेव्हाच का आला.

आपण समजतो की विचार आधी डोक्यात होतो आणि मग कागदावर उतरतो. अँडी क्लार्क आणि डेव्हिड चामर्स या दोन तत्त्वज्ञांनी १९९८ साली वेगळं मांडलं. माणसाचं मन कवटीपाशी संपत नाही, हाताशी असलेली वहीसुद्धा त्याच्या विचाराचा भाग असू शकते, असं त्यांचं म्हणणं. डर्क व्हॅन हुल यांच्यासारख्या अभ्यासकांनी हाच धागा धरून आधुनिक कादंबऱ्यांची हस्तलिखितं वाचली. सॅम्युएल बेकेटच्या हस्तलिखितांचा मोठा प्रकल्प त्यांनी मार्क निक्सन यांच्यासोबत उभा केला. त्यातून दिसतं ते असं: मन कसं असतं याबद्दलच्या या लेखकांच्या कल्पना त्यांच्या स्वतःच्या लिहिण्या-खोडण्यातून तयार झाल्या. रोज कागदाशी झगडताना आपलं मन कसं तुटक, कसं आडवळणी चालतं ते त्यांना दिसलं, आणि पात्रांची मनंही तशीच उतरली.

हे खरं असेल, आणि मला ते पूर्ण पटतं, तर कच्ची वही रद्दीत घालणं म्हणजे त्या माणसाच्या मनाचा एक भाग रद्दीत घालणं आहे. मी हे शब्द मोजून वापरतोय.

आता आपल्या मातीकडे या. कच्चा कागद, दुरुस्तीचा कागद जपण्याचं मोल परंडा तालुक्याला दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नाही. सीनेच्या काठी आपलं डोमगाव आहे. तिथं कल्याणस्वामींचा मठ आहे. समर्थ रामदासांनी सांगायचं आणि कल्याणांनी लिहून घ्यायचं, असा दासबोध घडला. कल्याणांच्या हातची दासबोधाची प्रत डोमगावच्या मठानं पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. त्या प्रतीवरून खुद्द समर्थांची नजर फिरली, त्यांनी दुरुस्त्या केल्या, अशी परंपरा आहे. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दासबोध छापायला निघाले, तेव्हा आधार घेतला तो या डोमगावच्या प्रतीचाच.

विचार करा. सांगणारा एक, लिहिणारा दुसरा, तपासणारा पुन्हा पहिला. हे सगळं एका प्रतीत. ग्रंथ कसा घडतो याचा एवढा मोठा पुरावा आपल्या तालुक्यातल्या एका खेड्यानं राजवटी बदलल्या, दुष्काळ आले, तरी सांभाळला. परंड्याच्या हंसराजस्वामींनी एकोणिसाव्या शतकात इथंच बसून 'वेदेश्वरी'सारखी ग्रंथरचना केली. मनाला उद्देशून श्लोक रचणाऱ्या समर्थांची परंपरा आपल्या ओठांवर आहे. समर्थ मनाशी बोलले. आधुनिक कादंबरीकारानं मनालाच बोलू दिलं. मधे तीनशे वर्षं गेली, पण शोध मनाचाच. पहिल्याची पोथी आपण रेशमी कापडात बांधतो आणि दुसऱ्याची वही किलोवर विकतो. हे बरोबर नाही, आणि हे आपल्या सगळ्यांना आतून कळतं.

सरकारी चौकटीतही एक मोठी फट आहे. राष्ट्रीय पांडुलिपी मिशन २००३ साली सुरू झालं. त्याच्या व्याख्येत हस्तलिखित म्हणजे निदान ७५ वर्षं जुना हाताने लिहिलेला मजकूर. म्हणजे १९६३ साली लिहिलेल्या कथेचा खर्डा २०३८ साली हस्तलिखित ठरणार! तोपर्यंत तो कुणाचाच नाही. पुराभिलेखाचा नाही, कारण तो सरकारी कागद नाही. ग्रंथालयाचा नाही, कारण ते पुस्तक नाही. पोथ्यांच्या संग्रहाचा नाही, कारण ती पोथी नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले, योग्यच केलं. पण अभिजात म्हणताना आपले डोळे आपोआप ताम्रपटांकडे, शिलालेखांकडे वळतात. ते टिकाऊ आहेत. साठ-सत्तर सालचा स्वस्त वहीचा कागद टिकाऊ नाही. तो पिवळा पडतो, कडेनं तुटतो, बोटाला पूड लागते. आणखी इतकी वर्षं थांबा म्हणणं त्याला परवडणारं नाही.

पाण्याचंही तसंच. २०२५च्या सप्टेंबरात सीनेनं काय केलं ते आपण विसरलेलो नाही. घरांत पाणी शिरलं, जनावरं वाहून गेली, पोरांची दप्तरं चिखलात गेली. त्या वेळी माणसं वाचवायची होती, कागद कोण बघणार? बरोबरच होतं. पण त्या चिखलात कुणाच्या ट्रंकेतल्या वह्या गेल्या याची नोंद कुठंही नाही, कारण त्या होत्या याचीच नोंद कुठं नव्हती. १९९३च्या भूकंपात उमरगा-लोहाऱ्याकडे ढिगाऱ्याखाली काय काय गेलं, तेही असंच.

मराठवाड्याला हे नुकसान जरा जास्तच जाचतं. १९४८ सालापर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. कचेरीची भाषा उर्दू. मराठीत लिहिणारा माणूस दिवसभर एका भाषेत कारकुनी करायचा आणि रात्री दुसऱ्या भाषेत कादंबरी लिहायचा. बी. रघुनाथ असेच. बांधकाम खात्यात नोकरी, आणि त्या नोकरीतून उरलेल्या वेळात 'जगाला कळले पाहिजे'सारखी कादंबरी. १९५३ साली, ऐन चाळिशीत, कचेरीत काम करता करताच त्यांनी प्राण सोडला. अशा माणसाचं मन कोणत्या भाषेत अडखळायचं? मनातल्या मनात बोलताना पात्र मराठीत बोलतं की मधेच उर्दू शब्द येतो, आणि लेखक तो ठेवतो की खोडतो? मराठवाड्याच्या मनाचा इतिहास लिहायला असे प्रश्न विचारावे लागतील. त्यांची उत्तरं अशा पिढीच्या वह्यांत, चिठ्ठ्यांत, मुद्रणप्रतींतच असतात. पुण्या-मुंबईच्या लेखकाभोवती निदान प्रकाशक, संपादक, अभ्यासक तरी असतात. आपल्याकडे फक्त घर असतं. म्हणून घरानंच जागं व्हायला हवं.

आणि हे जमण्यासारखं आहे. त्याला कोट्यवधी रुपये लागत नाहीत.

कोलकात्याकडे बघा. जाधवपूर विद्यापीठातल्या मंडळींनी २०१३ साली 'विचित्रा' नावाचा प्रकल्प लोकांसमोर ठेवला. रवींद्रनाथांच्या हस्तलिखितांची पानं आणि छापील आवृत्त्या एकत्र आणल्या. एकच कविता, एकच कथा वेगवेगळ्या टप्प्यांवर कशी बदलली ते कुणालाही शेजारी शेजारी ठेवून पाहता येतं. त्यांच्याकडे रवींद्रनाथ होते हे खरं. पण सुरुवात झाली ती कागद कुणीतरी जपून ठेवल्यामुळेच. जपलेलं काही असेल तर पुढची हुशार माणसं येतात. काहीच नसेल तर त्यांनी येऊन करायचं काय?

तेव्हा सुरुवात घरातून करू. या वर्षी घर झाडताना लिहिलेली एकही वही न उघडता बाहेर जाऊ देऊ नका. एवढा एकच नियम आधी पाळू. वहीत सलग मजकूर असेल, संवाद असतील, खाडाखोड असेल, तर ती बाजूला ठेवा. सुट्या चिठ्ठ्या जिथं सापडल्या तिथंच राहू द्या. कोणती चिठ्ठी कोणत्या पानात होती हीसुद्धा माहितीच असते. लग्नपत्रिकेच्या पाठीवर, प्रश्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूला, कॅलेंडरच्या पानावर लिहिलेलं असेल तर तेही वहीच समजा.

बायकांच्या वह्यांकडे खास लक्ष द्या, ही माझी हात जोडून विनंती. घरच्या आजीनं, काकूनं, मोठ्या जावेनं हिशेबाच्या वहीत कथा लिहिल्याचं पुष्कळदा तिच्या पश्चात कळतं. तिनं ती कुठं पाठवली नसेल, कुणाला वाचून दाखवली नसेल. स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या बाईच्या मनात एका वेळी काय काय चालतं, हे तिनं जसं लिहिलं असेल तसं दुसऱ्या कुणाला लिहिता येणार नाही. वर पापडाच्या पिठाचं माप आणि खाली कथेचं वाक्य असेल, तर ते पान दोनदा वाचा.

कागदाची काळजी साधी आहे. गंजलेल्या टाचण्या अलगद काढा. सेलोटेप लावू नका, तो डाग पाडतो आणि पुढं कागदच ओढून नेतो. लॅमिनेशन तर अजिबात करू नका, त्यातून कागद पुन्हा बाहेर येत नाही. धुतलेल्या सुती कापडात बांधा, बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नका, जमिनीपासून वर ठेवा. वर्षातून दोनदा उघडून वारं लागू द्या. वही भिजलीच तर पानं ओढून सोडवू नका, उन्हातही टाकू नका. सावलीत, पंख्याखाली, पानांमध्ये कोरे कागद घालून वाळवा. ओला कागद दोन दिवसांत बुरशी धरू लागतो. एवढ्या वेळात वाळवणं शक्य नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा. ऐकायला विचित्र वाटतं, पण कागदाचे जाणकार हाच उपाय सांगतात. बुरशी थांबते आणि सवडीनं वाळवता येतं.

मग फोटो. आज प्रत्येक घरात मोबाइल आहे. दाराजवळच्या उजेडात, फ्लॅश न लावता, मुखपृष्ठापासून शेवटच्या कोऱ्या पानापर्यंत सगळ्याचे ओळीनं फोटो काढा. कोरं पानही सोडू नका, कारण लेखक कुठं थांबला ते त्यावरून कळतं. फोटोंच्या फोल्डरला लेखकाचं नाव, गाव आणि अंदाजे साल द्या. एक प्रत घरात, एक बाहेर. फोटो काढले म्हणून वही टाकू मात्र नका. लाल रिफिलखाली दबलेली पेन्सिल फोटोत नेहमी दिसत नाही.

काही घरांना वेगळी भीती असते. वहीत भाऊबंदकीच्या गोष्टी असतील, गल्लीतल्या कुणाचं नाव असेल. ही भीती रास्त आहे, तिला हसू नये. त्यासाठी वही जाळायची गरज नाही. बांधून, वर लिहून ठेवा: अमुक सालापर्यंत उघडू नये. आणि हेही लक्षात असू द्या की वही दुसऱ्याला सांभाळायला दिली म्हणजे छापायचा हक्क दिला असं होत नाही. लेखनाचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं वारसांकडेच राहतो. देताना दोन ओळींचं पत्र करा, दोघांच्या सह्या घ्या, मिटलं.

आता संस्थांचं. आपल्या तालुक्यात सार्वजनिक ग्रंथालयं आहेत. कुणाला अनुदान वेळेवर मिळतं, कुणाला नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. पण एक कपाट आणि एक नोंदवही एवढं तर कुठल्याही ग्रंथालयाला जमेल. कपाटावर पाटी लावा: 'तालुक्यातील लेखकांच्या वह्या'. कोणती वही कुणाकडून आली, की अजून घरीच आहे, एवढी नोंद झाली तरी निम्मं काम झालं. वही घरीच राहू दे. ती आहे, हे गावाला कळू दे.

परंड्याच्या रा. गे. शिंदे महाविद्यालयातल्या मराठी विभागाच्या सर-मॅडमना माझी विनंती आहे. पोरांना प्रकल्प द्यावेच लागतात. एकदा हा द्या: प्रत्येकानं आपल्या गावातल्या एका लिहित्या माणसाची एक कथा घ्यायची, खर्डा आणि छापील रूप शेजारी ठेवायचं, आणि काय बदललं, का बदललं असेल, ते चार पानांत लिहायचं. 'तो' कुठं 'मी' झाला? काळ कुठं बदलला? शेवट कुणी कापला, लेखकानं की संपादकानं? संज्ञाप्रवाहाची व्याख्या पाठ करणारा विद्यार्थी परीक्षेनंतर ती विसरतो. अनाळ्याच्या किंवा आसूच्या वहीत ती घडताना पाहिलेला विद्यार्थी कधीच विसरणार नाही. आपल्या जिल्ह्यातल्या हासेगावच्या भास्कर चंदनशिवांची 'लाल चिखल' शाळेच्या पुस्तकातून कितीतरी पोरांनी वाचली. तशा एखाद्या कथेशेजारी तिच्या खर्ड्याचं एक पान वर्गात लावता आलं, तर मराठीचा तास कसा होईल!

२०२० साली आपल्या जिल्ह्याच्या गावी ९३वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. गोरोबाकाकांच्या नावाच्या त्या नगरीत गर्दी कशी लोटली होती ते आपण पाहिलं. जिल्ह्याला साहित्याची ओढ नाही असं आता कुणी म्हणू शकत नाही. मराठवाडा साहित्य परिषदेच्या शाखा आहेत, वाचक मंडळं आहेत, दिवाळी अंक काढणारे उत्साही लोक आहेत. अंकाच्या संपादकांनो, आलेल्या हस्तलिखितावर तुम्ही केलेल्या खुणा म्हणजे अर्धा इतिहास आहे. अंक निघाला की ते गठ्ठे फेकू नका. लेखकाला परत द्या, नाहीतर ग्रंथालयाला द्या. छापखानेवाल्यांनो, जुन्या मुद्रितांचे बोळे अजून कुठं कोपऱ्यात पडले असतील तर एकदा बघा.

आज लिहिणाऱ्या तरुण मित्रमैत्रिणींनो, तुमचं तर याहून अवघड आहे. तुम्ही मोबाइलवर लिहिता. खोडलेलं वाक्य तिथं दिसतसुद्धा नाही, नाहीसंच होतं. काफ्कानं मोबाइलवर लिहिलं असतं तर त्याचा 'मी' कुणालाही सापडला नसता. म्हणून एवढं करा. कथा बदलायला घेताना आधीची तशीच ठेवा, नवी वेगळ्या नावानं आणि तारखेनं जतन करा. महत्त्वाची कथा असेल तर पहिला खर्डा हातानंच लिहा. स्वतःला लहान समजून खर्डे टाकू नका. आपण मोठे होतो की नाही हे ठरवायला पुढचे लोक आहेत, त्यांच्या हाती काहीतरी राहू द्या.

आणि ज्यांच्या घरात लिहिणारं माणूस अजून आहे, त्यांनी आजच त्यांच्याजवळ बसा. "काका, ही कथा आधी कशी होती? हे का खोडलं?" असं विचारा, मोबाइलवर त्यांचा आवाज टिपून घ्या. लेखकाला सहसा कुणी हे विचारत नाही. लोक विचारतात पुरस्कार मिळाला का, मानधन किती मिळालं. खोडलेल्या वाक्याबद्दल विचारलं की ती माणसं तासभर बोलतात.

येत्या घटस्थापनेच्या आधीचा रविवार आपण या कामासाठी ठरवू. ज्याच्या घरी वही निघेल त्यानं ती जवळच्या ग्रंथालयात किंवा शाळेत दाखवायला आणावी. देऊन टाकायला नको, फक्त दाखवायला. नाव, गाव, साल नोंदवावं, फोटो काढावेत आणि वही घेऊन घरी जावं. शिक्षकांनी दोन तास द्यावेत, कॉलेजच्या पोरांनी मोबाइल घेऊन यावेत, ग्रंथपालांनी नोंदवही उघडून बसावं. डोमगावनं एक प्रत सांभाळली. आपली गावं मिळून शंभर वह्या सहज सांभाळतील. त्या रविवारच्या आधी आपापल्या घरची ट्रंक उघडा, आणि वही सापडली तर शेजाऱ्यालाही सांगा.